खिळ्यावरचे साल

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या चांदूर बाजारला पेपर टाकणारा मुलगा दोन गोष्टी बरोबरच आणून देतो. एक दिवाळी अंकांचा गठ्ठा आणि दुसरी पुढच्या सालाच्या कॅलेंडराची सुरळी. अंकांवर घरातली माणसे तुटून पडतात. कॅलेंडर मात्र बिचारे फळीवर गुंडाळलेले पडून राहते. त्याची पाळी यायला अजून दोन महिने असतात. पण खरे सांगायचे तर दिवाळी अंक महिन्या-दोन महिन्यांत वाचून संपतो आणि ते कॅलेंडर वर्षभर वाचले जाते. घरातल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त वेळा, जास्त माणसांकडून!

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक खिळा आहे. घराला तीनदा रंग दिला, खिळा तिथेच आहे. त्या खिळ्यावर आजवर किती साले टांगली गेली आणि त्याआधी, जेव्हा खिळा नव्हता, तेव्हा घर कशाच्या आधाराने चालत होते, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो गेल्या दिवाळीत करावा लागला. त्याचे कारण शेवटी सांगतो.

माझे आबाजी तारीख मानीत नसत. त्यांना ती येत नव्हती असे नाही, पण तारखेशी त्यांचे काम पडत नसे. ‘मृग लागला’ म्हणजे पेरणीची घाई, ‘पोळा झाला’ म्हणजे बैलांचा विसावा संपला, हस्ताचा पाऊस म्हणजे शेवटचा भरवसा. मृगापासून हस्तापर्यंतची पावसाची नऊ नक्षत्रे आणि प्रत्येकाचे वाहन, कुणाचे बेडूक, कुणाचे म्हैस, हे त्यांना पाठ असे. मौज अशी की तारीख न मानणाऱ्या आबाजींचे हे वेळापत्रक मुळात सूर्यावरच चालते. चंद्र मागेपुढे होतो, तिथ्या सरकतात, पण मृग आपला ७-८ जूनच्या सुमारास ठरलेला. शेतकऱ्याने पावसासाठी सूर्य धरला आणि सणांसाठी चंद्र, आणि दोघांची सांगड जोशीबुवांच्या हवाली केली.

ही सांगड सोपी नव्हे. चंद्राचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच राहू दिली तर दिवाळी हळूहळू सरकत भर पावसाळ्यात येईल. म्हणून बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून हिशेब जुळवायचा. हे गणित महाराष्ट्रात शतकानुशतके ज्या ग्रंथावरून होत आले, तो ‘ग्रहलाघव’ कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे १५२० च्या सुमारास लिहिला. किचकट आकडेमोड सोपी करून दिली, हे त्याचे मोठेपण. त्या आधारावर गावोगावचा जोशी हाताने पंचांग लिही आणि पाडव्याला चावडीवर किंवा देवळात वाचून दाखवी. घरात कुणाचे लग्न, कुणाचे श्राद्ध, केव्हा एकादशी, हे सारे त्या एका माणसाच्या जिभेवर. जोशी परगावी गेला की घराचा काळ जणू थांबे.

मग छापखाना आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत गणपत कृष्णाजींनी आपल्या शिळाछापखान्यात मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसे छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा गणपत कृष्णाजींनी म्हणे शाईत तूप घातले! गोष्ट खरी-खोटी कशीही असो, पंचांग छापले गेले आणि जोशाच्या बासनातून निघून गृहस्थाच्या कोनाड्यात आले, ही घटना मात्र फार मोठी. काळ माहीत असणे ही एका घराची मिरास राहिली नाही.

पण छापल्यामुळे चुकाही उघड्यावर आल्या. पंचांगात सांगितलेले ग्रहण आणि आकाशात दिसणारे ग्रहण यांचा मेळ बसेना. केरो लक्ष्मण छत्रे (१८२४-१८८४) यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहून नव्या वेधांवरून गणित मांडले. त्यावरून निघालेले पंचांग, आबासाहेब पटवर्धनांनी पाठीशी उभे राहून चालवले म्हणून, पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चा आपला अजोड इतिहास प्रसिद्ध केला. लोकमान्य टिळकही या वादात उतरले. परिणाम असा की जुने आणि शुद्ध अशी दोन पंचांगे झाली, आणि काही वर्षी एकाच आळीत एका घरी अधिक महिना तर दुसऱ्या घरी निज! विद्वानांचा वाद खगोलाचा होता, घरच्या बाईला मात्र प्रश्न एवढाच की पुरण आज शिजवायचे की पुढच्या महिन्यात?

आमच्या वऱ्हाडात तर काळाचे सवतेसुभे आणखीच. इथे पाडव्याला शालिवाहन शक बदलतो आणि त्याच पाडव्याला, नाहीतर अखजीला, सालदाराचे वर्ष बदलते. कापसाच्या बाजारातले मारवाडी-गुजराती व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्या पुजतात, बलिप्रतिपदेला त्यांचा नवा विक्रम संवत. मराठ्यांच्या दप्तरातला शुहूर सन सूर्य मृगात शिरला की बदले, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. फसली सनाचे तर नावच पिकावरून पडलेले. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला आणि कचेरीत इंग्रजी तारीख ठाण मांडून बसली. शेजारच्या अचलपुरात, जी एकेकाळी इमादशाहीची राजधानी होती, हिजरी सनाचे चंद्रदर्शन. आणि उत्तरेला सातपुडा ओलांडून बैतूलकडे उतरले की महिनेच निराळे. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे आपली आश्विनातली अमावास्या ती त्यांची कार्तिकातली. सुदैव इतकेच की दिवे दोन्हीकडे एकाच रात्री लागतात!

स्वतंत्र भारताच्या सरकारला हा गोंधळ दिसत होता. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. देशात तीसच्या आसपास वेगवेगळी पंचांगे चालू असल्याचे तिला आढळले. १९५५ साली अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र १८७९ ठरवून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती नीटस आहे, शास्त्रशुद्ध आहे, राजपत्रावर छापली जाते. पण मी आजवर एकाही स्वयंपाकघरात ती पाहून कुणी गहू निवडायला काढलेले पाहिले नाही. कारण सरळ आहे. तिने काळ सुधारला, पण घरातल्या माणसांच्या सोयीची एकही गोष्ट तिच्याबरोबर आली नाही.

त्या काळात भिंतीवर असत ती चित्रांची कॅलेंडरे. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने देवादिकांना घराघरांत आणले आणि पुढे त्याच वाटेने दुकानदारांची कॅलेंडरे आली. वर लक्ष्मी नाहीतर बाळकृष्ण, खाली तारखांचा बारीक गठ्ठा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे राजे कॅलेंडरांचेही राजे होते. साल संपले तरी चित्र उतरत नसे. चौकट घालून देवघरात जाई. पण त्यावर लिहायला जागा नव्हती. आणि लक्ष्मीच्या पायाशी दुधाचा हिशेब लिहिणार कोण?

ही कोंडी फुटली १९७३ साली. मूळचे मालवणचे जयंतराव साळगावकर यांनी ‘कालनिर्णय’ काढले. पंचांगाची तिथी-नक्षत्रे, इंग्रजी तारीख, निरनिराळ्या धर्मांचे सण, सारे एका चौकोनात. मागच्या पानावर पाककृती आणि नामवंतांचे लेख. कोनाड्यातले पंचांग आणि भिंतीवरचे कॅलेंडर यांचे लग्न लागले म्हणा ना! चौकोनांत थोडी थोडी कोरी जागा राहिली आणि माझ्या मते इतिहास घडला तो त्या कोऱ्या जागेत. कारण तिथे पहिल्यांदा घरच्या बाईने पेन्सिल टेकवली. आजवर काळ वाचला जात होता, आता तो लिहिला जाऊ लागला.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. साफसफाईत आईच्या लोखंडी ट्रंकेखाली सुतळीने बांधलेला एक गठ्ठा निघाला. १९८६ पासूनची सगळी कॅलेंडरे. मी शाळामास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा, जुना कागद दिसला की माझे हात शिवशिवतात. झाडू टाकून तिथेच बसलो.

तो आमच्या घराचा बखरखानाच होता. ‘दू २’ म्हणजे दूध दोन शेर. ‘सि’ म्हणजे सिलिंडर लावले. ‘बगीचा ताण’ म्हणजे संत्र्याच्या झाडांचे पाणी तोडले. हिवाळ्यात तोडले तर आंबिया बहारासाठी, उन्हाळ्यात तोडले तर मृग बहारासाठी. मार्चअखेरीला लाल शाईत ‘सोसायटी’, कारण कर्ज मुदतीत फेडले तरच व्याजात सवलत, आणि ती तारीख बाबा नेहमी विसरत. हिवाळ्यात ‘बहिरम’, म्हणजे पाहुणे यात्रेला येणार, रोडगे करायचे. आजीच्या श्राद्धाची तिथी, आत्याच्या मुलाचे बारसे, आमच्या फीचे दिवस. अकरा माणसांचे घर त्या चौकोनांतून चालले होते आणि आम्हांला वाटत होते की ते आपले आपण चालते.

माझा वाढदिवसही होता, तान्ह्या पोळ्याला. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात माझा जन्म १ जुलैचा आहे. गुरुजींनी तिथीची तारीख करायचा त्रास घेतला नाही. आज माझ्या हातात तेच रजिस्टर आहे आणि जुन्या पानांवर जून-जुलैच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्यांची रांग पाहून मला हसू येते. घराचा काळ आणि कचेरीचा काळ यांच्या भांडणात आमचे जन्मदिवस असे धारातीर्थी पडले.

१९९७ चे कॅलेंडर उघडले आणि हात थांबला. मार्चमध्ये माझ्या दहावीच्या पेपरांना गोल केलेले होते. त्यांच्यामध्ये आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत सर्वत्र, बारीक फुल्या. अक्षर नाही, नुसत्या फुल्या. मोजल्या, अकरा भरल्या. शेवटची फुली मे महिन्यात, आणि तिच्यापुढे सहा दिवस दुधाचीही नोंद नव्हती.

आई ओसरीवर वाती वळत बसली होती. तिला विचारले. तिने चष्मा वर केला, पानाकडे पाहिले आणि म्हणाली, “अमरावतीच्या दवाखान्यात जात होती मी. गाठ झाली होती. साधीच निघाली, काढून टाकली.”

“आम्हांला तर तू मामाकडे गेली म्हणून सांगितलं होतं!”

“मंग काय सांगू? तुही दहावी होती न बाप्पा. सांगतलं असतं तं तू पुस्तक मिटून बसला असता.”

“आणि बाबा?”

“त्यायले मे मध्येच सांगतलं. तोवर बगीच्याची फेड व्हायची होती.”

एवढे बोलून ती पुन्हा वाती वळू लागली.

मी त्या रात्री पुन्हा सगळा गठ्ठा चाळला. चाळीस वर्षांच्या चौकोनांत गाईच्या वेताची तारीख होती, कुत्रा चावल्याच्या सुयांची होती, मोलकरणीच्या मुलीच्या लग्नाची होती. आईच्या नावाची एकही नोंद नव्हती. होत्या त्या अकरा फुल्या, त्याही कुणाला वाचता येऊ नयेत अशा. आणि रोज सकाळी त्याच कॅलेंडराखाली बसून मी चहा पीत होतो! सगळे घर पाहत होते, पण वाचत एकटी तीच होती, कारण लिहीत एकटी तीच होती. जोशाच्या जिभेवरचा काळ छापखान्याने सोडवला खरा, पण तो जाऊन अडकला एका बाईच्या पेन्सिलीत. हे इतिहासाच्या पुस्तकात मी कुठे वाचले नव्हते.

हल्ली मुलांच्या मोबाईलमध्ये कॅलेंडर असते. एकाने लिहिले की सर्वांच्या फोनवर उमटते, वेळ झाली की घंटा वाजते. माझा मुलगा म्हणतो, आता भिंतीवर हवे कशाला? त्याचे अगदीच चूक नाही, संत्र्याच्या फवारणीची आठवण मला तोच फोन देतो. पण फोन ज्याचा त्याच्या खिशात असतो. भिंत सगळ्यांची असते, आणि माझ्या आईला अजून भिंतच वाचता येते.

म्हणून नव्या सालापासून आम्ही एक केले. खिळ्याला सुतळीने एक पेन्सिल बांधली आणि ज्याचे काम त्याने लिहायचे असे ठरवले. पहिला महिना फजितीचा गेला. मुलाने सामन्यांच्या तारखा भरल्या, मी शाळेच्या परीक्षा, आणि सिलिंडर लिहायचे राहून एका सकाळी चूल विझली. पत्नीने काही न बोलता पेन्सिल माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून ‘सि’ माझ्याकडे आहे.

यंदाची सुरळी परवाच आली. अंक बाजूला ठेवून मी ती आधी उलगडली आणि आईसमोर धरली. म्हटले, “पहिली नोंद तुझी. डोळ्यांच्या दवाखान्याची तारीख घाल. फुली नको, अक्षरात.”

ती हसली. “मले काय होते?” म्हणाली. पण पेन्सिल घेतली, बराच वेळ चौकोन शोधला, आणि थरथरत्या अक्षरांत लिहिले, ‘माहे डोळे’.