जनुकांची गाडी हलकी कशी झाली

धान्य कितीही पिकलं तरी ते बाजारात न्यायला गाडी लागते. जनुकोपचाराचा इतिहास हा अशा गाडीच्या शोधाचाच इतिहास आहे.

जनुक म्हणजे पेशीला तिचं काम सांगणारा मजकूर. तो डीएनएवर लिहिलेला असतो, हे १९४४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी दाखवून दिलं. हा मजकूर बिघडला की पेशी बेबंद वाढू लागतात, तोच कर्करोग. मग नवं जनुक पेशीत धाडावं कसं?

पहिली गाडी मिळाली विषाणूची. पेशीत शिरणं हा त्याचा धर्मच! शास्त्रज्ञांनी त्यातला रोग काढून जनुक भरलं. १९९० साली अमेरिकेत बेथेस्डा येथे चार वर्षांच्या मुलीवर असा उपचार झाला; तिचा विकार प्रतिकारशक्तीचा होता. २००३ साली चीनने डोके व मानेच्या कर्करोगावर असं औषध मंजूर केलं. पण दरम्यान, १९९९ साली, फिलाडेल्फियातील एका प्रयोगात अठरा वर्षांचा तरुण दगावला. पॅरिसमध्ये तर उपचार घेतलेल्या काही मुलांना रक्ताचा कर्करोगच जडला. गाडी जोरकस खरी, पण बैल अंगावर येणारे!

म्हणून काहींनी दुसरी वाट धरली. जिवाणूंत डीएनएची लहान कडी असते. १९५२ साली लेडरबर्ग यांनी तिला प्लाझ्मिड हे नाव दिलं. १९९० साली उंदराच्या स्नायूत नुसती अशी कडी टोचली, तरी तिथे नवं प्रथिन तयार झालं. अडचण एकच. कडीतला जिवाणूचा भाग शरीराला परका वाटे व जनुक लवकर मुकं होई. १९९७ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो भागच छाटला. उरलं ते लघुवर्तुळ. २००३ साली स्टॅनफर्डमध्ये उंदरांच्या यकृतात ते अधिक जोमानं आणि अधिक काळ काम करताना दिसलं.

उणीव आहेच. विषाणूवाचून पेशीचं दार सहज उघडत नाही. त्यासाठी स्निग्धकण किंवा विजेचा हलका झटका योजतात. कर्करोगावर या कड्यांचे प्रयोग चालू आहेत. मुंबईची आयआयटी व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून झालेल्या, २०२३ साली मंजूर झालेल्या रक्तकर्करोगाच्या उपचारातही जनुक नेतो तो विषाणूच.

तेव्हा नव्या उपचाराची वाट पाहत अंगावरची गाठ किंवा न भरणारी जखम लपवू नका. ती वेळीच डॉक्टरांना दाखवा.