तर्क, अनुभव, विवेक : तीन शब्दांचा मागोवा

‘उगाच तर्क लढवू नकोस,’ असे घरात कोणी म्हटले, की तर्क म्हणजे अंदाज, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. नागपुरातला बी.ए.चा विद्यार्थी मात्र ‘तर्कशास्त्र’ शिकायला बसतो तेव्हा तेथे अंदाजाला थारा नसतो. आधारविधानांतून निष्कर्ष अटळपणे निघतो की नाही, एवढेच पाहायचे असते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी कसे नांदू लागले, ते पाहायचे तर आपल्याला भोसल्यांच्या नागपुरात जावे लागेल.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. त्याच्या देशातल्या विद्यापीठांत तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र हे पदवीच्या शिक्षणाचे अंगच मानले जाई. हिस्लॉपने शाळा काढली, जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या कथा टिपून घेतल्या आणि १८६३ मध्ये तो पुराच्या पाण्यात बुडून वारला. पुढे वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्याच्या नावाचे कॉलेज उभे राहिले. १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघाले. दोन्ही आधी दूरच्या कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली होती; नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९२३ मध्ये. प्लेटो, ॲरिस्टॉटल, मिल ही नावे वैदर्भीय तरुणाने प्रथम ऐकली ती अशा वर्गांत, इंग्रजीतून. परीक्षाही इंग्रजीतच. घरी येऊन आजोबांना ते सांगायचे, तर शब्द नव्हते.

ते शब्द घडत होते वर्गाबाहेर. मिल आणि स्पेन्सर वाचून आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि रूढीला कारणे विचारली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बेंथॅम-मिल यांचे तत्त्व ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ असे ठसठशीत मराठी होऊन आले. पण टिळकांनी ते आणले ते गीतेपुढे उणे ठरवण्यासाठी. कांट आणि ग्रीन त्यांना जवळचे वाटले. डॉ. आंबेडकरांची वाट निराळी. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात जॉन ड्यूईंचे विचार त्यांनी ऐकले आणि १९३६ मध्ये जातिसंस्थेवर लिहिताना ते हत्यारासारखे वापरले. तरीही स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपली त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीची नव्हे, बुद्धाची, असे त्यांनी १९५४ मध्ये बजावले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी धम्मदीक्षा घेतली ती याच नागपुरात.

वर्गाची भाषा मराठी होऊ लागली तेव्हा पाठ्यपुस्तकांची निकड भासली. अमळनेरात प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर चालूच होते. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ आला. त्याच दशकात नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने डॉ. ग. ना. जोशी यांचा ‘पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ तीन खंडांत काढला. या काळातल्या लेखकांपुढे खरा पेच होता तो शब्दांचा. ज्ञान कशाला म्हणावे, याची चिकित्सा ‘ज्ञानमीमांसा’ झाली. तिने वेदार्थ लावणाऱ्या जुन्या दर्शनाचे नाव घेतले. देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ हे ‘बुद्धिवादी’ झाले. लॉक, बर्क्ली, ह्यूम ‘अनुभववादी’. आता हा ‘अनुभव’ पाहा. ज्ञानेश्वरांनी ‘अनुभवामृत’ लिहिले. तेथला अनुभव इंद्रियांच्या पलीकडचा. लॉकचा अनुभव सुरू होतो तोच मुळी डोळे, कान, त्वचा यांच्यापासून. मराठी विद्यार्थ्याला त्यामुळे लॉक समजण्याआधी आपलाच शब्द थोडा विसरावा लागतो. मग इंद्रियांनी पुरवलेल्या सामग्रीला बुद्धी आपल्या साच्यात घालते, हे कांटचे म्हणणे आले की दोन्ही पक्षांची सांगड कशी बसते, ते त्याला दिसते.

अखेरचा शब्द ‘विवेक’. वेदान्तात नित्य आणि अनित्य यांतला भेद ओळखणे म्हणजे विवेक. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी एप्रिल १९९० मध्ये नागपुरातून मासिक काढले आणि आगरकरांचे स्मरण ठेवून त्याला ‘आजचा सुधारक’ हे नाव मिळाले. त्यातल्या ‘विवेकवाद’ या लेखमालेत विवेकाचा रोख बदलला : पुरावा असेल तेवढाच विश्वास ठेवायचा. आजोबांना सांगता न येणारी गोष्ट आता आजोबांच्याच शब्दात सांगता येत होती. फक्त शब्दाने आपले काम बदलले होते. म्हणून आज नागपुरातल्या एकाच घरात आई म्हणते, ‘उगाच तर्क लढवू नकोस,’ आणि मुलगा उत्तरतो, ‘आई, तुझं बोलणं तर्काला धरून नाही.’ दोघांचेही मराठी बिनचूक असते.