कुळाचा कागद

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक स्थळ सांगून आलें. आमच्या घरांत आतां लग्नाचें कोणी उरलेलें नाहीं. स्थळ आलें तें आमच्या कुत्रीसाठीं. ती कारवानी जातीची आहे. वय साडेतीन वर्षें, नांव रेवा. आलेले गृहस्थ सुशिक्षित व अदबशीर होते. त्यांनीं चहाचा पेला बाजूस सारला, पिशवींतून एक कागद काढला व आमच्यापुढें पसरला. त्यांच्या कुत्र्याच्या चार पिढ्यांचीं नांवें त्यावर छापलेलीं होतीं. आम्हींही रेवेचा कागद कपाटांतून काढून शेजारीं ठेविला. आमच्या पत्नीनें दोन्हीं कागदांवरून नजर फिरविली व विचारिलें, "अहो, पण दोघांचा आजा एकच दिसतो कीं!" गृहस्थ प्रसन्नपणें हंसले. म्हणाले, "वहिनी, तेंच तर या स्थळाचें वैशिष्ट्य. रक्त कोठेंही बाहेर गेलेलें नाहीं."

मातेकडून पांच व पित्याकडून सात पिढ्या टाळून सोयरीक करावी असें ज्या देशाचें धर्मशास्त्र सांगतें, त्या देशांत एकच आजा असणें ही स्थळाची थोरवी ठरावी, याचें आम्हांस नवल वाटलें. (मामाच्या मुलीशीं लग्न लावणारे आम्ही लोक तो नियम फार काटेकोरपणें पाळीत आलों असें नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे.) त्या गृहस्थांस आम्हीं महिन्याची मुदत मागितली. इतिहास शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. त्यामुळें कोणताही कागद समोर आला कीं तो खरा कीं खोटा याच्याही आधीं तो लिहिला कां गेला, हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहतो. त्या महिन्यांत जें वाचलें तें वाचकांपुढें ठेवितों.

इंग्लंडांत शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ १७९१ सालीं छापली गेली, शॉर्टहॉर्न गुरांची १८२२ सालीं. कुत्र्यांची मात्र त्यानंतर अर्ध्या शतकानें. याचा अर्थ तोंवर कुत्र्यांची पैदास डोळे मिटून चालली होती असा घेऊं नये. कोल्ह्याच्या शिकारीसाठीं हाउंडांचे कळप बाळगणारे जमीनदार अठराव्या शतकापासून आपापल्या कुत्र्यांच्या आईबापांचीं नांवें टिपून ठेवीत असत. पीटर बेकफर्ड यानें १७८१ सालीं शिकारीवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत पैदाशीसाठीं कुत्रा निवडतांना काय पाहावें तें सांगितलें आहे. आकार, प्रकृति व स्वभाव हे तर पाहावेतच. परंतु नाकाची तीक्ष्णता, दम व शिकार करण्याची रीत यांकडेही तितकेंच लक्ष द्यावें. ज्यास दम नाहीं किंवा नाक नाहीं त्याचा वंश वाढवूं नये. ही सारी परीक्षा रानांत, चिखलांत, दिवसभराच्या धांवपळींत व्हावयाची, आणि मग वहींत नांव चढावयाचें.

१८५९ च्या जून महिन्यांत न्यूकॅसल येथें कुत्र्यांचें पहिलें रीतसर प्रदर्शन भरलें. पॉइंटर व सेटर या दोनच जाती, साठ कुत्रीं, आणि बक्षिसें म्हणून बंदुका. पॉइंटरांच्या परीक्षकाचा कुत्रा सेटरांत पहिला आला व सेटरांच्या परीक्षकाचा पॉइंटरांत! परीक्षकांचा हा बंधुभाव वाचून विद्यापीठी परीक्षांच्या कांहीं आठवणी आमच्या मनांत जाग्या झाल्या. त्या सांगण्याचें हें स्थळ नव्हे. पुढें अशीं प्रदर्शनें जागोजाग भरूं लागलीं व त्यांबरोबर लबाड्याही वाढल्या. त्यांस आळा घालण्यासाठीं शर्ली नांवाच्या पार्लमेंटच्या सभासदानें १८७३ सालीं बारा मित्रांसह लंडनांत केनेल क्लब स्थापन केला, आणि पुढल्याच वर्षीं ४,०२७ कुत्र्यांची नोंद असलेलें पहिलें वंशावळीचें पुस्तक प्रसिद्ध झालें. आमच्या पाहुण्यांच्या पिशवींतील कागदाचा मूळपुरुष तो हा. हेतु चांगला होता, यांत शंका नाहीं. पण कुत्रा रानांतून मंडपांत आला तशी त्याची परीक्षाही मंडपांत आली. आणि मंडपांत दम दिसत नाहीं, नाक दिसत नाहीं, रूप तेवढें दिसतें.

याच सुमारास आयर्लंडच्या वुल्फहाउंडाची जी कथा घडली, ती आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. हा लांडग्यांची शिकार करणारा प्रचंड कुत्रा. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिमॅकस नांवाच्या रोमन सरदारानें असे सात कुत्रे पाठविल्याबद्दल आपल्या भावाचे आभार मानले आहेत. ते पाहून रोमचे लोक थक्क झाले होते. १६५२ सालीं क्रॉम्वेलच्या राजवटीनें हे कुत्रे आयर्लंडबाहेर नेण्यास बंदी केली, कारण युद्धानें उजाड झालेल्या त्या बेटांत लांडगे माजले होते. नंतर लांडगे मारले गेले. शेवटचा १७८६ च्या सुमारास पडला असें सांगतात. तेव्हां एवढ्या थोरल्या जनावरास रोज मांस घालावयाचें तें कशासाठीं, असा प्रश्न लोकांस पडला असल्यास नवल नाहीं. लांडग्यामागोमाग त्यास मारणारा कुत्राही जवळजवळ नाहींसा झाला.

कॅप्टन जॉर्ज ऑगस्टस ग्रेहॅम या निवृत्त लष्करी गृहस्थानें १८६२ सालीं तो पुन्हां उभा करावयाचें मनावर घेतलें. ग्लॉस्टरशायरमधील डर्स्ली हें त्याचें गांव. जुन्या वंशाचें थोडें रक्त कांहीं घराण्यांतील कुत्र्यांत उरलें आहे, अशी त्याची श्रद्धा होती. तें त्यानें मिळविलें. त्यांत स्कॉटलंडचा डीअरहाउंड मिसळला, उंचीसाठीं ग्रेट डेन घेतला, पुढें रशियाचा बोर्झोई व एकदां तर तिबेटी कुत्राही घेतला. पिलें व्हावीं आणि रोगानें मरावीं, असें वर्षानुवर्षें चाललें. तरी त्यानें नाद सोडिला नाहीं. १८८५ सालीं आयरिश वुल्फहाउंड क्लब निघाला तो त्याच्याच खटपटीनें.

हा खरा प्राचीन कुत्रा नव्हे, हें सोंग आहे, अशी टीका त्याच्या हयातींतच झाली. आम्हांस ती टीका अर्धवट वाटते. ग्रेहॅमनें डेन कोठें आला, बोर्झोई कोठें आला, हें लपविलें नाहीं. आपल्या कुत्र्यांच्या वंशावळी त्यानें स्वतः चिकाटीनें लिहून ठेविल्या. ज्याला आपण आज "शुद्ध" म्हणतों तो कुत्रा चार रक्तांच्या मिश्रणांतून एका माणसाच्या हयातींत उभा राहिला, आणि तें मिश्रण त्याच्याच लेखांत नमूद आहे. प्रामाणिक पैदास करणारा माणूस कसा असावा, हें आम्हांस कोणीं विचारिलें तर आम्ही या कॅप्टनाकडे बोट दाखवूं.

दोष पुढें घडला. तो येऊन गेल्यावर दार बंद झालें. ज्या मोजक्या कुत्र्यांपासून जात उभी राहिली त्यांच्याच संततींत फिरून फिरून सोयरिकी होत राहिल्या. दोन महायुद्धांत खाण्याचे हाल झाले, संख्या रोडावली. दुसऱ्या युद्धानंतर नवें रक्त म्हणून इंग्लंडास अमेरिकेहून कुत्रा आणावा लागला. आज या जातीस हृदयाचा स्नायु फुगून दुबळा होण्याचा विकार व हाडांचा कर्करोग हे विशेष जडतात, आणि सातआठ वर्षांत हें देखणें जनावर बहुधा धन्यास सोडून जातें.

दार पुन्हां उघडतां येतें, हेंही इतिहासांत आहे. बसेंजी या आफ्रिकन शिकारी कुत्र्यास मूत्रपिंडाचा आनुवंशिक रोग जडला, तेव्हां अमेरिकेंतील शौकिनांनीं कांगोच्या खेड्यांत जाऊन बिनकागदाचीं कुत्रीं आणिलीं, आणि १९९० सालीं तेथील क्लबनें त्यांच्यासाठीं आपलें पुस्तक उघडलें. खुद्द लंडनच्या क्लबनें सख्ख्या भावाबहिणींची व बापलेकींची पिलें नोंदण्याचें बंद केलें तें २००९ सालीं, दूरचित्रवाणीवरील एका चित्रपटानें आदल्या वर्षीं देशभर बोभाटा केल्यानंतर. म्हणजे १३६ वर्षें हें चालून गेलें!

हें सारें वाचीत असतां रेवा आमच्या पायांशीं निजलेली असे. तिचे पूर्वज व्यापाऱ्यांच्या कारवानांबरोबर पश्चिमेकडून दख्खनेंत आले असें सांगतात. कारवानी हें नांव त्यावरूनच. लातूर-सोलापूरपासून विजापूर-बागलकोटपर्यंतच्या कोरड्या माळांवर धनगरांनीं व शेतकऱ्यांनीं ही जात सांभाळली. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तिला आश्रय दिला, म्हणून कर्नाटकांत ती मुधोळ हाउंड झाली. आपल्याकडील दोन केनेल क्लब तिची दोन निरनिराळ्या नांवांनीं नोंद करितात. २००५ सालीं ती टपालाच्या तिकिटावर आली. २०१६ सालीं लष्करानें तिचीं पिलें शिक्षणासाठीं मेरठला नेलीं. मागणी वाढली, भाव वाढला, आणि त्याबरोबर कागदही आला.

माळावर तिची परीक्षा ससा घेत असे. जें कुत्रें सशास गांठी त्याला भाकरी मिळे. जें धापा टाकीत मागें राही त्याचें काय होई, याचें वर्णन न केलेलें बरें. जुन्या खेड्यांतील त्या निवडीचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाहीं. १९७२ च्या कायद्यानें शिकारीस आळा बसला व पुढें ती बंदच झाली. सशाच्या वतीनें आम्हांस त्याचा आनंदच आहे. परंतु आयर्लंडांत लांडगा गेल्यावर जी वेळ आली, तीच सशाची शिकार गेल्यावर आमच्या माळावर आली आहे. परीक्षक गेला, त्याच्या जागीं बसावयाचें तें पैदास करणाऱ्याच्या विवेकानें.

हें आम्हीं पुस्तकांतूनच शिकलों असें नाहीं. रेवा ज्याच्याकडून घेतली त्यानें कागद ऐटींत दिला, पण तिची आई कांहीं दाखविली नाहीं. तेव्हां तें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. रेवा घरीं आली व घराचें वेळापत्रकच बदललें. पहाटे साडेपांचला तिला कुंपणाच्या मैदानावर न्यावें लागतें. तेथें ती पांचसहा मिनिटें अशी धांवते कीं चारी पाय एकदम जमिनीवरून सुटलेले दिसतात, आणि मग दिवसभर निजते. मोकळ्या रस्त्यावर तिला सोडण्याची सोय नाहीं. दूरवर वाऱ्यानें उडणारी पिशवी दिसली तरी हांक तिच्या कानांत शिरत नाहीं. परक्याचा हात ती अंगाला लागूं देत नाहीं. थंडींत मात्र आमच्या पत्नीचा जुना स्वेटर निमूटपणें घालून घेते. पहिल्या वर्षाच्या शेवटीं तिच्या एका भावाच्या मालकांची गांठ पडली, तेव्हां कळलें कीं त्या भावास झटके येऊं लागले व तो दहाव्या महिन्यांत गेला. विकणाऱ्यास हें माहीत होतें. त्यानें आम्हांस सांगितलें नव्हतें. तो दोष कोणत्या पूर्वजाकडून आला हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. पण दोन्हीं कागदांवरचा आजा एकच आहे.

महिन्यानें गृहस्थ आले. आम्हीं नम्रपणें नकार दिला व भावाची हकीकत सांगितली. ते गंभीर झाले. थोड्या वेळानें म्हणाले, "मग हिचा वंश बुडूं देणार?"

आमचा एक जुना विद्यार्थी सांगोल्याकडे असतो. त्यानें कळविल्यावरून आम्ही पतिपत्नी तेथील एका धनगराचा कुत्रा पाहून आलों. वय सात वर्षें. अजून मेंढरांबरोबर दिवसभर चालतो. आमच्याबरोबर आलेल्या पशुवैद्यांनीं बराच वेळ नळी लावून त्याचें हृदय ऐकिलें व मान डोलाविली. त्याची आई तेथेंच वाड्याशीं म्हातारी होऊन बसली होती. बापाचें नांव विचारिलें, तेव्हां धनगर म्हणाला, "नाव न्हाई बगा. जतच्या बाजारातनं आनला हुता." आम्हीं वहींत तेवढेंच लिहून घेतलें.

मार्गशीर्षांत रेवेस तिकडे न्यावयाचें ठरलें आहे. पिलांतील पहिलें निवडण्याचा मान धनगराचा. उरलेलीं कोणाकडे जावयाचीं तें आमची पत्नी त्यांचीं घरें स्वतः पाहून ठरविणार आहे, आणि ज्यास पुढें सांभाळणें होणार नाहीं त्यानें पिलूं दुसऱ्यास न देतां आमच्याकडेच परत आणून द्यावें, असें लिहून घेणार आहे. तिची यादी आतांपासून तयार आहे. आमच्या त्या पाहुण्यांचें नांव तींत तिसरें आहे. त्यांनीं अद्याप होकार दिलेला नाहीं.