सीताबर्डीहून झांझिबारला

सीताबर्डीच्या टेकडीवरून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र गाठायचा तर रात्रीचा प्रवास चुकत नाही. शून्य मैलाचा खांब जवळच उभा आहे. अरण्य मात्र शेजारचे; पेंच काय, ताडोबा काय, सकाळी निघून रात्री परतण्यासारखी. म्हणून इथल्या एखाद्या घरात चकलीच्या ताटाभोवती ‘आफ्रिकेत सिंहही पाहू आणि समुद्रात बुडीही मारू’ असा बेत निघाला, की वडीलधारी मंडळी सिंहाला भीत नाहीत, पाण्याला भितात.

समुद्र आणि अरण्य यांची ही जोड प्रवासी कंपन्यांनी काढलेली नाही. ‘सफर’ हा शब्दच घ्या. मूळ अरबी, फारशीच्या वाटेने तो मराठीत आला आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिलीत ‘सफारी’ झाला. तिथे त्याचा अर्थ नुसता प्रवास. सिंह आणि जीपगाडी त्याला मागाहून चिकटली. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्याची गलबते झांझिबार बेटाला जात आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की परतत. एकोणिसाव्या शतकात त्या बाजूने आफ्रिकेच्या पोटात शिरणाऱ्या मोठ्या सफरींची जुळवाजुळव बहुधा याच बेटावर होई.

1871 साली लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी निघालेल्या स्टॅन्लीला इथे पहिली अडचण आली ती पैशाची. पैसा होता, पण आत नाणे चालत नव्हते. कापड, काचेचे मणी आणि तार हेच चलन. त्यातही एका जमातीला हवा तो मण्याचा रंग दुसरीला नको! असा माल पुरवण्यात कच्छी-गुजराती व्यापारी पुढे असत. बेटाच्या जकातीचा मक्ताही बरीच वर्षे जयराम शिवजीच्या पेढीकडे होता.

महाराष्ट्राचा वाटा पैशाचा नव्हता, माणसांचा होता. गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतली कित्येक नाशिकजवळच्या शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाला वाढली. लिहिणेवाचणे आणि हातचे कसब शिकली. 1866 च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन मुंबईहून झांझिबारला निघाला, तेव्हा त्यांतले नऊजण त्याच्याबरोबर होते. ‘नासिक बॉईज’ हे त्यांचे नाव. सगळे टिकले नाहीत. काही वाटेतच सोडून गेले. शरणपूरचाच जेकब वेनराइट 1872 साली मागाहून जाऊन मिळाला.

1873 च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि बुंध्यावर अक्षरे कोरली. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला. मग सुसी, चुमा, जेकब आणि इतरांनी हजार मैलांहून अधिक चाल करून तो 1874 च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्याला आणला. यातला चुमाही मुंबईला डॉ. विल्सनच्या शाळेत शिकलेला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा खांदेकऱ्यांत जेकब होता. आफ्रिकेच्या शोधांचे ग्रंथ ही नावे ओझरती घेऊन पुढे जातात. मला विचाराल तर त्या साऱ्या सफरींत हीच थोर, आणि ती परतीची होती.

त्या जुन्या सफरीत आधी समुद्र, मग अरण्य. आजच्या बेतात हा क्रम उलटा ठेवलेला बरा. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून बुडी मारण्याची युक्ती 1943 साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी साधली. खोल पाण्यात दाबाखालची हवा श्वासावाटे घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस फार लवकर कमी दाबात गेला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून शेवटच्या बुडीनंतर निदान 18 तास, आणि जमल्यास पुरते 24 तास, विमानात बसू नये. गोरोंगोरोचा कडा साडेसात हजार फुटांच्या आसपास. बुडी मारून लगोलग तिथे चढणेही तसलेच. तेव्हा आधी सेरेंगेटीचे रान, मग झांझिबारचे पाणी.

ऋतूचेही पाहावे. आपली उन्हाळ्याची सुट्टी आणि तिथला मोठा पाऊस नेमके एकाच वेळी येतात. मार्च ते मे. त्यापेक्षा ऑक्टोबर बरा, कोरड्या ऋतूच्या अखेरीस जनावरे पाणवठ्यांवर जमलेली असतात. आणि नागपूरकराने पहिली बुडी परमुलखात मारू नये. मालवणला जाऊन आधी धीर चाचपून घ्यावा.

राहता राहिला विमानापूर्वीचा तो सक्तीचा रिकामा दिवस. तो बाजारहाटात घालवू नये. झांझिबारच्या जुन्या शहरात जिथे गुलामांचा बाजार भरे, तिथे आता चर्च आहे. बाजार 1873 साली बंद झाला, लिव्हिंग्स्टन गेला त्याच वर्षी. आत एक लाकडी क्रूस आहे. जेकबने ज्यावर अक्षरे कोरली, त्याच झाडाच्या लाकडाचा तो आहे, असे तिथे सांगतात.