एका शिलिंगचे सतरा तास

आजची गोष्ट एका लिलावापासून सुरू होते.

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चित्रांचा लिलाव होता. चित्रं इथल्याच मुलांनी काढलेली, आणि जमलेले पैसे युद्धामुळे घर सोडून पळालेल्या कुटुंबांसाठी. मी पाचशे रुपयांना एक निळी होडी घेतली. बाहेर पडताना मित्र म्हणाला, "पाचशे रुपयांनी काय होणार रे? युद्ध थांबणारेय का?" मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन जुन्या गोष्टी वाचत बसलो. त्यात एक सापडली.

तर चला १९३७ च्या स्पेनमध्ये. तिथे यादवी युद्ध चालू होतं. २६ एप्रिल, सोमवार, बाजाराचा दिवस. बास्क प्रदेशातल्या गेर्निका गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले. पॅरिसमध्ये राहणाऱ्या पिकासोनं त्यावर चित्र काढलं. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब, रंग फक्त काळा, पांढरा आणि करडा.

बॉम्बहल्ल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा 'हबाना' नावाच्या जहाजातून जवळपास ४,००० बास्क मुलं इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरात उतरली. आईवडील मागेच राहिलेले. ब्रिटिश सरकारनं मुलांना येऊ दिलं, पण अट घातली की सरकारी तिजोरीतून खर्च होणार नाही. मुलांना सांभाळणाऱ्या समितीला दर मुलामागे आठवड्याला १० शिलिंगची हमी द्यावी लागली. गणित करून बघा. आठवड्याला ४०,००० शिलिंग, म्हणजे २,००० पौंड. आणायचे कुठून? लोकांकडून. वर्गणी झाली, मैफिली झाल्या. ती मुलंसुद्धा गावोगावी आपल्याकडची गाणी म्हणून, नाच करून पैसे जमवायची.

पुढच्या वर्षी, १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये, पिकासोचं 'गेर्निका' लंडनला आलं. हेतू हाच, स्पेनमधल्या लोकांसाठी मदत गोळा करणं. आधी ते उच्चभ्रू भागातल्या एका गॅलरीत लागलं. साधारण ३,००० लोकांनी पाहिलं. मग ते गेलं व्हाइटचॅपलला. ही पूर्व लंडनमधली कामगारवस्ती, शिंपीकाम करणाऱ्या ज्यू कुटुंबांची. उद्घाटनाला आले क्लेमेंट ॲटली. हो, तेच ॲटली, ज्यांच्या सरकारच्या काळात १९४७ साली आपण स्वतंत्र झालो. दोन आठवड्यांत १५,००० च्या वर लोक आले. स्पेनच्या आघाडीवरच्या सैनिकांसाठी कामगारांनी घालण्याजोगे बूट आणून दिले आणि चित्राखाली बुटांच्या रांगा लागल्या. ज्यांच्या स्वतःच्या घरात बुटांचा दुसरा जोड असेलच असं नाही, अशी ही माणसं.

आणि मग? २६ जानेवारी १९३९ ला बार्सिलोना पडलं. फ्रँको जिंकला. साडेचार-पाच लाख माणसं थंडीत डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेली. मे महिन्यात तेच चित्र न्यूयॉर्कला पोचलं, पुन्हा निर्वासितांच्या मदतीसाठी.

म्हणजे माझ्या मित्राचं बरोबरच होतं. चित्रानं युद्ध थांबलं नाही. बुटांनीही नाही.

पण त्या १० शिलिंगकडे परत या. आठवड्याचे तास १६८. म्हणजे कुणी एक शिलिंग दिला, तर साउदॅम्प्टनला उतरलेल्या एका मुलाचे जवळपास १७ तास निघाले. रात्रीचं जेवण, अंथरूण, सकाळचा नाश्ता. सरकारनं हात वर केल्यावर त्या मुलांचे दिवस असेच, एकेका शिलिंगनं पुढे ढकलले गेले.

मित्राला मी हेच व्हॉइस नोटवर पाठवलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "एखादं चित्र उरलंय का रे?"

उरलं होतं. पिवळी मांजर. तीनशे रुपये.