खांद्याला न छळणारं काडतूस

1884 मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं बिनधुराची दारू केली आणि बंदुकीच्या गोळीचं अंग झडलं. काळ्या दारूचा वेग बेताचा, म्हणून जबर मारा हवा तर गोळीच जाडजूड करावी लागे. जर्मनीची 1871 सालची माउझर रायफल 11 मिलिमीटरची होती. नव्या दारूसाठी पॉल माउझरनं 1892 मध्ये बेतलेल्या काडतुसाची गोळी 7 मिलिमीटर व्यासाची, पितळी नळकांडी 57 मिलिमीटर लांबीची. गोळी बारीक पण लांब. वेग टिकवणारी, खोल शिरणारी. खांद्याला धक्का मात्र माफक.

स्पेननं 1893 मध्ये ते सैन्यात घेतलं. 1898 मध्ये क्यूबात स्पेनशी लढताना अमेरिकनांनी, तर पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या बोअर युद्धात इंग्रजांनी त्याचा प्रसाद चाखला. इंग्रज शिकाऱ्यांना मात्र ते आवडलं! लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीनं 1907च्या सुमारास तेच काडतूस ‘पॉइंट 275 रिग्बी’ म्हणून विकायला काढलं.

जबर धक्क्याची रायफल चालवणारा चाप ओढण्याआधीच बुजतो, डोळे मिटतो, आणि नेम जातो. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्यानं हे ओळखलं. त्यानं हत्तीची कवटी करवतीनं कापून मेंदूची जागा अभ्यासली आणि याच हलक्या काडतुसानं शेकडो हत्ती मारले. आज तो आकडा ऐकून कौतुक वाटत नाही, हेही खरं. शिवाय बेलचा हात पाहून आपलं काडतूस ठरवणं धोक्याचं. हरणाच्या आकाराच्या जनावराला 7 मिलिमीटर पुरेसं. अंगावर येणाऱ्या मोठ्या श्वापदापुढे जाडच काडतूस हवं.

भारतात नरभक्षकांची शिकार करणाऱ्या जिम कॉर्बेटकडे हलकी आणि जाड अशी दोन्ही काडतुसं होती. चंपावतची नरभक्षक वाघीण 1907 मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला रिग्बीची 275 रायफल भेट दिली. डोंगरात पायी हिंडणाऱ्याला ती हलकी पडे. 1926 मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या तिनंच टिपला. वाघासाठी त्याच्याकडे जाड काडतुसाची दुनळी 450/400 असे.

1980 मध्ये अमेरिकेच्या रेमिंग्टन कंपनीनं ‘सेव्हन एमएम झिरो एट’ हे त्याच वळणाचं काडतूस काढलं. त्याची नळकांडी आखूड आहे, गोळीचा व्यास आणि धक्का जवळपास माउझरचाच.