तान्ह्याच्या रडण्याची वही

दिवेलागण झाली, की आमच्या वाघोलीच्या घरात नातवाचं रडणं सुरू व्हायचं. पाय पोटाशी घ्यायचा, मुठी आवळायचा आणि लालबुंद होऊन दोन-दोन तास रडायचा. पोटाला हिंग लावून झाला, दृष्ट काढून झाली. मग आम्ही मोठ्यांनी बोट दाखवलं ते बाळंतिणीकडे. ‘‘तूच काहीतरी वातूळ खाल्लं असशील!’’ सून गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं एक वही आणवली आणि बाळाचं रडणं, पाजणं, झोप, शी-शू, शिवाय स्वतःचं जेवण, सगळं वेळ घालून लिहू लागली.

मला हसूच आलं. पण पुढे वाचनात आलं, की अशा वहीलाही इतिहास आहे, बरं का!

आपल्याकडे घरोघरी पोचलेलं ग्राइप वॉटर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये तयार केलं. पूर्वी त्यात मद्यार्कही असे! म्हणजे औषध आधी आलं; बाळ नेमकं किती रडतं, याचा हिशेब शंभर वर्षांनी मांडला गेला. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. मॉरिस वेसल आणि सहकाऱ्यांनी ‘तीन’चा नियम सांगितला. धडधाकट बाळ दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक, तीन आठवड्यांहून अधिक काळ रडलं, तर तो पोटशूळ. पुढे १९६२ मध्ये डॉ. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० आयांच्या रोजच्या नोंदी मांडल्या. निरोगी बाळंही दुसऱ्या आठवड्यात दिवसाला सुमारे पावणेदोन तास रडत होती, सहाव्यात पावणेतीन तास. नंतर रडणं ओसरत गेलं. जोर असे तो संध्याकाळीच.

हे वाचून मी सुनेची वही उघडली. सहाव्या आठवड्याची पानं गच्च भरलेली, दहाव्याची निम्मी रिकामी. ती साधा वरणभात जेवली, त्या दिवशीही बाळ तेवढंच रडलं होतं. पोटशूळाचं नेमकं कारण आजही ठाऊक नाही. मात्र ताप असला, हिरवी उलटी झाली किंवा बाळ दूध ओढेना, तर वही बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जायला हवं.

त्या संध्याकाळी बाळ रडू लागलं, तेव्हा मी त्याला खांद्यावर घेतलं आणि सुनेला म्हटलं, ‘‘तू जरा पड. तुझं काही चुकलं नव्हतं.’’ हे मी सहा आठवडे आधी म्हणायला हवं होतं.